जाताना सिसटिक बंद करा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे शेतीपंपाची वीज पाळीने येते. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची असली की बागायतदाराने दोनला उठायचं, हातात बॅटरी घ्यायची, उसाच्या कडेने जाताना बिबट्याचा कानोसा घ्यायचा आणि विहिरीवर पोहोचून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. बटण दाबायला आणि वीज जायला एकच गाठ पडते, असं शेतकरी म्हणतात. वीजवाल्यांचं मत अर्थातच वेगळं असणार.

या पायपिटीवर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तोडगा काढला. पंप चालू करायला आजोबांना अपरात्री शेतात जावं लागतं, हे त्यांनी पाहिलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या या अभियंत्याने मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ तयार केलं आणि नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीसही पटकावलं. मोबाइल स्टार्टर हा शब्द आता बांधावर रुळला आहे. अंथरुणातूनच फोन लावायचा, पलीकडे पेटीतला रिले टक् करतो, मोटार घरघरते, आणि बिबट्याला त्याची वाट मोकळी.

अशा पेटीच्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर असतो. उदाहरणार्थ एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप घ्या. सात मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद. फ्लॅश मेमरी ६४ किलोबाइट, रॅम २० किलोबाइट, वेग ७२ मेगाहर्ट्‌झ. सकाळी सकाळी घरातल्या गटावर ‘शुभ प्रभात’ लिहिलेला जो गुलाब येतो, तो बहुधा या चिपमध्ये मावणार नाही. एवढ्याशा जागेत दोन बिऱ्हाडं राहतात. पहिला बूटलोडर, दुसरं ॲप्लिकेशन. पंप चालवणं, व्होल्टेज बघणं, एखादा फेज गेला तर मोटार वाचवणं, ही सगळी कामं ॲप्लिकेशनची. बूटलोडरचं काम एकच: वीज आली की आधी जागं व्हायचं, नवी आवृत्ती आली आहे का ते पाहायचं, आली असेल तर फ्लॅशमध्ये लिहून घ्यायची आणि मग ॲप्लिकेशनवर उडी मारायची. उडी मारली की त्याने संपायचं.

घोडं अडतं ते इथे. त्याला संपता येत नाही.

दोन्ही प्रोग्राम लिहिणारा फर्मवेअरवाला नाशिकच्या अंबडला नाहीतर सातपूरला कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये, पोटमाळ्यावर बसतो. खाली पॉवर प्रेस धाड्धाड् चालते, वर त्याचा लॅपटॉप त्याच तालावर हलतो. घरी त्याच्या कामाचं वर्णन ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर आटोपतं. फारच चौकस पाहुणा आला तर ‘मोटारीचं काहीतरी’. बूटलोडर नव्हता तेव्हा पेटीत चूक निघाली की तो मोटारसायकलवर लॅपटॉप आणि प्रोग्रामर बांधून दिंडोरीला जायचा, विहिरीच्या कठड्यावर बसून नवा प्रोग्राम भरायचा, चहा घेऊन परतायचा. द्राक्षाच्या हंगामात या फेऱ्यांबद्दल कोणाचीच तक्रार नसते. आषाढातल्या चिखलात मात्र त्याला अचानक पटतं की प्रोग्राम पेटीतल्या मोडेमवरून, दुरूनच पाठवता आला पाहिजे. महाराष्ट्रातले बरेचसे बूटलोडर पावसाळ्यात सुरू झाले असावेत, असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे. पुरावा नाही.

उडी कागदावर अगदी सोपी. कॉर्टेक्स-एम३ जातीच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या अग्रभागी एक तक्ता असतो. व्हेक्टर टेबल त्याचं नाव. पहिल्या खान्यात स्टॅक कुठून सुरू करायचा तो पत्ता, दुसऱ्यात रीसेट हँडलरचा, म्हणजे कामाला कुठून लागायचं तो पत्ता. पुढच्या खान्यांत, कोणती घंटी वाजली की कोणी धावायचं, याची यादी. एसटीएम३२ची फ्लॅश सोळाच्या अंकपद्धतीत ०८०००००० या पत्त्यावर सुरू होते. तिथे बूटलोडर. त्याला १६ किलोबाइट दिले तर ॲप्लिकेशन ०८००४००० वर. बूटलोडरने त्या पत्त्यावरचा पहिला खाना वाचून स्टॅक पॉइंटरमध्ये टाकायचा, दुसरा वाचून तिथे जायचं. सी भाषेत दोन ओळी. त्यातली दुसरी ओळ, फंक्शन पॉइंटरची, कंसांत कंस आणि ताऱ्यांवर तारे अशी असते. ती स्वतः लिहिणारा माणूस विरळाच. बाकीचे सगळे कुठूनतरी उतरवून घेतात.

उतरवलेल्या मजकुराबरोबर त्याचा पहारेकरीही येतो. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या नमुना-प्रोग्राममध्ये उडीच्या आधी एक तपासणी आहे: पहिल्या खान्यातला पत्ता २एफएफई०००० या गाळणीतून काढायचा, २००००००० उरलं तरच समजायचं की आत ॲप्लिकेशन आहे. कोरी फ्लॅश सगळीकडे एफएफ वाचते, त्यामुळे रिकाम्या घरात उडी पडत नाही. व्यवस्था चांगलीच आहे. पण ही गाळणी विणलेली आहे १२८ किलोबाइटपेक्षा कमी रॅमच्या मापाने. पुढे काम वाढतं, फर्मवेअरवाला ऐटीत एसटीएम३२एफ४०७ घेतो. तिथे सलग रॅम बरोबर १२८ किलोबाइट आणि स्टॅकचा माथा नेहमीच्या मांडणीत २००२०००० वर. गाळणीला तो पत्ता चालत नाही. ॲप्लिकेशन आत बसलेलं आहे, धडधाकट आहे, आणि पहारेकरी दारातून सांगतोय, ‘घरी कोणी नाही.’ उतरवून घेणाऱ्याने २एफएफई०००० म्हणजे काय हे कधी विचारलेलंच नसतं, म्हणून तो ॲप्लिकेशनमध्ये चूक शोधत बसतो. तिथे ती नसतेच.

हे निस्तरलं की खरा खेळ सुरू होतो. तो समजून घ्यायला नाशिककराने फार लांब जायला नको, इगतपुरीपर्यंत गेलं तरी पुरे.

कसारा घाटाचा चढ ३७ला १. सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला बँकर इंजिनं लागतात आणि ती गाडी ढकलत इगतपुरीला आणतात. पूर्वी त्यात आणखी एक भानगड होती. मुंबईपासून इगतपुरीपर्यंतच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह, पुढे २५,००० व्होल्टचा एसी. म्हणजे पुढचं इंजिनही बदलायचं. चाळिशी ओलांडलेल्या नाशिककरांना तो थांबा आठवत असेल: अख्खा डबा वड्यासाठी फलाटावर उतरलेला आणि टोकाला माणसं रुळांत उतरून कपलिंग सोडवतायत. डीसीचं इंजिन पॅन्टोग्राफ खाली घेऊन बाजूला जायचं, एसीचं यायचं, ब्रेकची चाचणी व्हायची, मगच हिरवा झेंडा. गाडी तीच, डबे तेच, ओढणारा नवा. चिपमधली अदलाबदलही नेमकी अशीच आहे, एक फरक सोडून. इगतपुरीला कपलिंग सोडवायला माणसं होती. चिपमध्ये जाणाऱ्या इंजिनानेच खाली उतरून स्वतःचं कपलिंग सोडवायचं असतं.

आणि बूटलोडर काय काय लावून ठेवून जातो, ते पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी सिसटिक. हा प्रोसेसरच्या आतला ठोके देणारा टायमर. नेहमीच्या लायब्रऱ्या त्याला सेकंदाला हजार ठोक्यांवर लावतात. बूटलोडर गेला तरी ठोके थांबत नाहीत. शेपटीचं बँकर न सोडता गाडी नाशिकरोडकडे निघाली असं समजा. दर ठोक्याला प्रोसेसर तक्त्यात बघतो की धावायचं कोणी. तक्ता अजून बूटलोडरचाच असेल तर बूटलोडरचं फंक्शन धावतं आणि इमानेइतबारे आपल्या मोजणीत एक मिळवतं. पण मोजणीचा तो पत्ता आता ॲप्लिकेशनच्या मालकीच्या रॅममध्ये आहे. तिथे ॲप्लिकेशनने कदाचित मोटार आज किती मिनिटं चालली ते ठेवलं असेल. म्हणजे कोणी गेलेला माणूस सेकंदाला हजार वेळा येऊन दुसऱ्याच्या वहीत एक-एक मिळवून जातो. साठ मिनिटांनंतर मोटार बंद कर, असं पेटीला सांगितलेलं असेल तर ती सेकंदाच्या आत बंद. शेतकरी फोन करतो, “साहेब, तुमची पेटी लई घाईत आहे.”

दुसरा डीएमए. प्रोसेसरला न विचारता माहिती इकडून तिकडे वाहणारा हा हमाल. मोडेमकडून आलेला मजकूर रॅमच्या अमुक कोपऱ्यात टाक, असं बूटलोडरने त्याला सांगितलं होतं. ‘आता नको’ असं सांगायचं राहिलं. तो टाकतच राहतो. कोपऱ्यात आता कोण राहतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ही चूक रोज घडत नाही, मोडेमकडून काही आलं तरच घडते, त्यामुळे पकडायला सर्वांत चिवट.

तिसरी गोष्ट त्या तक्त्याचीच. प्रोसेसरमध्ये व्हीटीओआर नावाचं रजिस्टर आहे. कोणता तक्ता बघायचा ते त्यात लिहिलेलं असतं. शहाणा बूटलोडर उडीआधी त्यात ०८००४००० लिहितो. पण ॲप्लिकेशन चालू होताच सर्वांत आधी सिस्टिमइनिट हे फंक्शन धावतं, आणि त्याच्या जुन्या नमुन्यात व्हीटीओआर पुन्हा ०८०००००० करणारी एक ओळ बसलेली असते. पाहुण्याने नवा पत्ता लिहून दिला आणि यजमानाने आल्या आल्या तो पुसून जुना लिहिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर. त्यानंतर ॲप्लिकेशन सुरळीत चालतं ते पहिली घंटी वाजेपर्यंतच. दिवा लागतो, पण लुकलुकत नाही.

यावर काही जण जालीम उपाय करतात. उडीआधी सगळ्या इंटरप्ट, म्हणजे त्या घंट्या, एका आज्ञेने बंद. सिसटिक गप्प, डीएमएची घंटी गप्प, सगळीकडे शांत. ॲप्लिकेशन सुरू होतं आणि एक मिलिसेकंद थांबायला जातं. ठोका पडला की पुढे निघू, असा त्याचा हिशेब. ठोका पडतो, पण घंटी ऐकू येत नाही, कारण कान बूटलोडरने बंद केलेत आणि उघडायला कोणाला सांगितलेलं नाही. चिप खरोखर रीसेट झाली की इंटरप्ट उघड्याच असतात, म्हणून ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने त्या उघडायची ओळ लिहिलेलीच नसते. त्याने का लिहावी? ॲप्लिकेशन वाट पाहत राहतं. एक मिलिसेकंद संपत नाही.

वॉचडॉगचं दुखणं उलटं आहे. एसटीएम३२चा स्वतंत्र वॉचडॉग एकदा चालू केला की प्रोग्रामला बंद करता येत नाही. ठरलेल्या वेळात त्याला खाऊ घातलं नाही की तो चिप रीसेट करतो. बूटलोडरने हा कुत्रा पाळला आणि गळ्यात साखळी न बांधता ॲप्लिकेशनच्या हवाली केला. ॲप्लिकेशन मोडेमला उठवण्यात गुंतलेलं. मोडेमला जागं व्हायला चांगले काही सेकंद लागतात. तेवढ्यात कुत्रा चावला. रीसेट, बूटलोडर, उडी, मोडेमची मनधरणी, चावा, पुन्हा रीसेट. विहिरीवरून बघणाऱ्याला दिवा मोठ्या उत्साहाने लुकलुकताना दिसतो. ‘दिवा तर चालू आहे,’ असं तो फोनवर सांगतो.

अर्दुइनोवर शिकलेल्या पिढीला हा कुत्रा ओळखीचा आहे. त्यावरच्या एटीमेगा३२८पी या चिपला वॉचडॉगने रीसेट केलं की तो बंद होत नाही, उलट सर्वांत कमी मुदतीवर, सुमारे सोळा मिलिसेकंदांवर चालू राहतो. जुना बूटलोडर त्याला आवरायच्या आधी आपल्या इतर कामांना लागायचा, आणि ती सोळा मिलिसेकंदांत कुठली व्हायला! बोर्ड कायमचा त्या चक्रात. २०१०च्या अर्दुइनो उनोबरोबर ऑप्टिबूट आला, त्याने हे निस्तरलं. जुना बूटलोडर दोन किलोबाइटचा होता, हा अवघ्या ५१२ बाइटचा. वर या चिपमध्ये बूटलोडर मेमरीच्या शेवटी राहतो आणि ॲप्लिकेशन शून्यावर, त्यामुळे पत्त्यांची भांडणंच नाहीत. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अर्दुइनोवर प्रोजेक्ट करून बाहेर पडलेल्या मुलाला म्हणूनच वाटत असतं की उडी ही आपोआप होणारी गोष्ट आहे. अंबडला आल्यावर कळतं.

उडी फसली की काय दिसतं? बहुतेक वेळा काहीच नाही. प्रोसेसर हार्ड फॉल्टमध्ये जातो, आणि हार्ड फॉल्टचं तयार मिळणारं फंक्शन म्हणजे एक न संपणारी फेरी. धूर नाही, आवाज नाही, पडद्यावर निळा फलक नाही. आत प्रलय झालेला असतो आणि पेटीचं तापमानसुद्धा वाढत नाही.

अशा वेळी पोटमाळ्यावर शेडचे मालक येतात. त्यांचं आयुष्य प्रेस-टूलमध्ये गेलेलं.

“काय हो, अडलं का?”

“बूटलोडर उडी मारतोय शेठ, पण ॲप्लिकेशन काही उठत नाही.”

“मारतोय ना उडी? मग पडतोय कुठं?”

शेठना सी भाषा येत नाही, पण याहून नेमका प्रश्न कोणी विचारू शकणार नाही. डीबगर लावून प्रोग्राम काउंटर वाचायचा, म्हणजे उडी कुठे पडली ते बघायचं, हीच तर पहिली पायरी. फर्मवेअरवाल्याने दोन दिवस ती सोडून बाकी सगळं केलेलं असतं. वाचलं तर उत्तर निघतं, उडी बूटलोडरच्याच हद्दीत पडते आहे. ॲप्लिकेशन फ्लॅशमध्ये ०८००४००० वर लिहिलं खरं, पण लिंकर स्क्रिप्टमध्ये पत्ता ०८०००००० राहिला, त्यामुळे तक्त्यातले सगळे पत्ते जुन्या घराचे. कधी पत्ता बरोबर असतो, पण तो विषम संख्या दिसतो म्हणून कोणीतरी नीटनेटकेपणाने त्यातून एक वजा केलेला असतो. कॉर्टेक्स-एमला फक्त थंब पद्धतीच्या आज्ञा कळतात आणि शेवटचा बिट एक असणं ही त्याची खूण. खूण पुसली की प्रोसेसर पुढचं पाऊल टाकायला नकार देतो. नीटनेटकेपणा अंगाशी येण्याची उदाहरणं फार नाहीत, हे एक आहे.

डीबगरचा भरवसाही बेताचाच. टेबलावर बहुतेकदा तो बूटलोडरला वगळून थेट ॲप्लिकेशनलाच चालू करतो. चिप ताजी रीसेट झालेली, सिसटिक बंद, डीएमए निजलेला, कुत्रा अजून आणलेलाच नाही. ॲप्लिकेशन देखणं चालतं. शेठना दाखवलं जातं, शेठ मान डोलावतात. पेटी दिंडोरीला जाते आणि तिथे बूटलोडर भेटतो.

यातली गंमत अशी की हीच उडी घरातल्या प्रत्येक जुन्या संगणकानेही मारली आहे. १९८१च्या आयबीएम पीसीपासून बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवायचा आणि तिकडे उडी मारायचा. पुढे त्या तुकड्याच्या शेवटी ५५ एए ही दोन बाइट आहेत का, एवढीच चौकशी करायचा. एवढ्याशा ओळखीवर अख्खं घर सोपवायचं! पण त्या काळी नव्या भाडेकरूने बायोसलाच कामाला ठेवून घ्यायची रीत होती, म्हणून निभावलं.

मुरलेले फर्मवेअरवाले शेवटी वेगळीच युक्ती करतात. ते बूटलोडरला आवरायला लावतच नाहीत. काम संपलं की बूटलोडरने रॅमच्या एका राखीव कोपऱ्यात एक खुणेचा आकडा लिहायचा आणि चिपच रीसेट करायची. रीसेटने सिसटिक मेला, डीएमए मेला, इंटरप्ट पूर्ववत झाल्या. रॅममधला मजकूर मात्र वीज गेली नाही तोवर टिकतो. त्या कोपऱ्यावर सुरुवातीची सफाई फिरणार नाही एवढं लिंकरला बजावून ठेवायचं. बूटलोडर पुन्हा जागा होतो, काहीही चालू करण्याआधी तो कोपरा बघतो, खूण दिसली की ती पुसतो आणि थेट उडी मारतो. बंद करायला काही उरलेलंच नसतं.

खुणेचा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले आठ अंक. वीज नुकतीच आली असताना रॅममध्ये काहीबाही भरलेलं असतं. त्यात योगायोगाने तोच आकडा निघायची शक्यता साधारण ४२९ कोटींत एक, म्हणून कोणताही विक्षिप्त आकडा चालतो. जगभरचे लोक त्यात इंग्रजी शब्द बसवून हौस भागवतात. ए ते एफ एवढीच अक्षरं वापरायची ही अट. डेडबीफ प्रसिद्ध आहे, जावाच्या प्रत्येक क्लास फाइलच्या अग्रभागी कॅफेबेब असतं. मराठी माणसाची मात्र पंचाईत होते. आई बसत नाही, तिचा आय आडवा येतो. काका आणि मामा यांना तर पहिल्याच अक्षराला प्रवेश नाही. आत्याचा टी नडतो. आबा बसतात, पण रोमनमध्ये त्यांची तीनच अक्षरं, आठ कशी भरायची? बसतात ते फक्त दादा आणि बाबा, आणि तेही शेजारी शेजारी उभे केले तर मोजून आठ.

असा आकडा कोडमध्ये पाहून पुण्याहून तपासायला आलेल्या वरिष्ठांनी चष्मा वर केला.

“हे काय आहे?”

“रँडम नंबर, सर.”